हसऱ्या पोरीचं माप

माप देताना बाई खोटं बोलते. तोंडानं न्हाई, अंगानं. कमरेला टेप लावली की पोट आत, छाती पुढं आन श्वास अडकलेला. मंग ब्लाउज नेला की दोन दिवसांनी हीच बाई दारात, "अगं, किती तंग केलास!" जाफराबादेत इतकी वर्षं मी बायकांचे ब्लाउज शिवून राह्यले, आता मी शहाणी झाले. टेप हातात धरून आधी विचारते, "काय वहिनी, सूनबाई काय म्हणतात?" सुनेचा विषय निघाला की भली भली बाई श्वास सोडते. तेवढ्यात मी माप घेऊन टाकते.

गावभर बायकांची अशी चोरी पकडणारी मी, आन माझ्या घरात माझीच पोर हेच करत होती. फरक एवढाच की ती श्वास धरत नव्हती. ती हसत होती.

पोरगी सात वर्षांची आहे. जन्मली तेव्हा रडली न्हाई. या आजाराच्या पोरांच्या आया दवाखान्यात भेटतात ना, त्यातल्या निम्म्या तरी हेच वाक्य बोलतात, "रडली न्हाई हो." मेंदूला प्राणवायू कमी पडला, सेरेब्रल पाल्सी आहे, असं डॉक्टरांनी नंतर सांगितलं. हातपाय ताठ. चालणं न्हाई, बोलणं न्हाई. कळतं मात्र सगळं. 'हो' म्हणायचं असलं की डोळे वर नेते, 'न्हाई' असलं की गच्च मिटते. लोकं विचारतात, "हिला समजतं का?" मी म्हणते, तुमच्यापेक्षा जास्त. तोंड फाटकं आहे माझं, काय करू.

आन ती बसते. हे नीट सांगायला पाहिजे, कारण सगळा जीव त्यातच अडकलेला होता. कुणाचा आधार न घेता, दोन्ही हात पुढं टेकून, माझ्या मशीनशेजारी चटईवर ती बसते. हे बसणं यायला चार वर्षं गेली. पोर आडवी असली की येणारी बाई तिच्याकडं बघते, 'अरेरे' म्हणते आन माझ्याशी बोलायला लागते. तीच पोर बसलेली असली की तिच्या तोंडाकडं बघून तिच्याशीच बोलते. कितीतरी बायका आता ब्लाउजची लेस तिलाच विचारतात, "ही घेऊ का ती?" पोर बघते, ठरवते. एकदा एका मास्तरीणबाईची महागडी सोनेरी लेस तिनं डोळे मिटून नापास केली. मास्तरीणबाई नाराज झाल्या, पण साधीच लेस घेऊन गेल्या. हे बसणं गेलं तर ती परत छताकडं बघत पडून राहील, ही भीती मला कायमच होती.

भीतीला तोंड फुटलं ते एका लेगिनवरून. तिचे कपडे मीच शिवते. संक्रांतीला लाल कापडाचं एक लेगिन शिवलं होतं, दोन्ही पाय बराबर, टेप लावून. उन्हाळा लागता लागता एके दिवशी घालायला गेले तर उजव्या पायाची दुमड घोट्यावर आन डाव्या पायाची टाचेखाली. मी म्हणलं, आपणच येड्यासारखं कापलं असेल. उसवलं, चटईवर पसरलं, मोजलं. कापड बराबर होतं. परत घातलं. परत डावीकडं लांब.

मंग माझ्या ध्यानात आलं की लेगिन लांब झालं न्हाई, पाय आखूड झालाय. हातातली टाचणी सुटली ती संध्याकाळपर्यंत सापडली न्हाई, आन पोरीच्या चटईवर टाचणी म्हणून परत तो वेगळा घोर.

पोरीचे बाबा जाफराबाद-जालना काळी-पिवळी जीप चालवतात. दुपारी जेवायला आल्ते, त्यांना दाखवलं. त्यांनी पाय बघितला, लेगिन बघितलं आन म्हणले, "कापड धुतल्यावर आटलं असंल."

"एकच पाय आटतो का कापडाचा?"

"मंग तूच सांग बाई. तू शिंपीण." आन भाकरीकडं वळले. घाबरले की ते असेच भाकरीकडं वळतात.

सासूबाईंनी, म्हणजे मी ज्यांना आत्याबाई म्हणते त्यांनी, मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. ठसका उठला न्हाई. "बघ, किती कडक नजर लागली," म्हणल्या. आमच्या गॅसच्या काळात आत्याबाईंनी नजरेसाठी आन आंघोळीच्या पाण्यासाठी परसात चूल ठेवलीय.

नव्या जालन्यात स्टेशनच्या अलीकडं या पोरांचं एक केंद्र आहे. दर सहा महिन्यांनी तिथं पोरीचं मोजमाप होतं. ते मोजमाप घेणाऱ्या म्याडमना मी फोन केला, स्पीकर लावून. त्यांनी शांतपणे विचारलं, "ताई, लंगोट बदलताना त्रास होतो का तिला? पाय फाकवताना रडते का?"

मी तोंड उघडायच्या आत मागून आत्याबाई वरडल्या, "न्हाई न्हाई! रडायचं तर नावच न्हाई! उलट हसती!"

म्याडम लागलीच म्हणल्या, "तारखेची वाट बघू नका. याच आठवड्यात या."

याच आठवड्यात या, असं कुणी म्हणलं की माणसाला काय वाटतं ते ज्याचं त्याला ठाऊक. चार दिवस मी एकही ब्लाउज नीट शिवला न्हाई. एकाची बाही उलटी लावली. लंगोट बदलताना मी दोन गुडघ्यांमध्ये माझी वीत धरून बघायची. आधी वीत सहज बसायची, आता दाबून बसवावी लागायची. दाबलं की पोर हसायची. मी परत दाबायची, ती परत हसायची, आणखी मोठ्यानं. मंग मीच हात काढून घ्यायची आन दुसऱ्या खोलीत जाऊन उभी राहायची.

आता हे हसणं कुठून आलं ते सांगते. आमच्या घरात पोरीला रोज कोमट तेलानं मालिश व्हायची. ते काम आत्याबाईंचं. हात असा, की गावातल्या बाळंतिणी बोलवायच्या. मालिश झाली आन पोर रडली न्हाई की आत्याबाई पदराची गाठ सोडून गुळाचा खडा तिच्या जिभेला चाटवायच्या. "माझी शहाणी! माझी गुणाची! रडती का? न्हाई रडत!" मंग सगळे टाळ्या वाजवणार. मीबी वाजवलेल्या आहेत. पाहुणे आले की "आमची माय कशी हसती, दाखव बरं" असं व्हायचं, की पोरीचं तोंड या कानापासून त्या कानापर्यंत. पाहुणे म्हणायचे, "आजारी असून किती हसरी हो!" आन जाताना तिच्या गालाला हात लावून जायचे. ती लहान होती तेव्हा लोकं तिला हात लावायला कचरायची, ते मी बघितलेलं आहे. त्यामुळं कुणी गालाला हात लावला की मला बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू.

जालन्याला जायच्या दिवशी आत्याबाईंनी सकाळीच तेल गरम केलं. मी म्हणलं, "आज नको. म्याडमना पाय जसे आहेत तसे बघू द्या."

"मोकळे करून न्हेऊ की. पाव्हण्यात नेताना पोरीचं तोंड धुवून न्हेत न्हाई का?"

"हे पाव्हणं न्हाई आत्याबाई, माप आहे."

त्या तोंड वाकडं करून उठल्या. पण तेल झाकून ठेवलं. जीपमध्ये मी पोरीला मांडीवर घेऊन पुढं बसले, आत्याबाई शेजारी, मागं नेहमीसारखी दाटून भरलेली माणसं. टेंभुर्णीवरून जालन्याला जाणारा रस्ता कसा आहे ते इकडच्या माणसाला सांगायला नको. प्रत्येक खड्ड्याला जीप आदळायची आन पोर खुदकन हसायची. मागून एक म्हातारे बाबा म्हणले, "वा वा, लेकराला झोका वाटून राह्यला!" मागची सगळी हसली. आत्याबाईंनी कौतुकानं मागं वळून बघितलं.

माझं लक्ष मात्र तिच्या हाताकडं गेलं. माझं बोट तिच्या मुठीत होतं. खड्डा आला की तोंड हसायचं आन मूठ अशी आवळायची, की माझं बोट पांढरं पडायचं. वरच्या ओठावर घाम. खड्डा गेला की मूठ सैल. मी पोरीच्या बाबांना म्हणलं, "हळू चालवा ना." ते म्हणले, "मागं लोकांना कचेरी गाठायची हाय." मी बोट तसंच राहू दिलं.

केंद्रात म्याडमनी गादीवर घेतलं. मोजमाप म्हणजे काय, तर परीक्षाच असते. कुशीवर वळते का, पालथं झाल्यावर मान किती वेळ धरते, बसते का, बसून हात पुढं करून खेळणं घेते का, गुडघ्यावर उभी राहते का. प्रत्येकाला शून्यापासून तीनपर्यंत गुण. आन प्रत्येक वेळी म्याडम विचारणार, "हे घरी करते, की इथंच?" आधी आधी मला या प्रश्नाचा राग यायचा. घरी करते ते करतेच की, आम्ही काय खोटं बोलतो? पण टेप हातात घेणाऱ्या माणसाला हा प्रश्न विचारावाच लागतो, हे मला माझ्याच धंद्यावरून कळायला पाहिजे होतं.

मागच्या वेळी ती न पडता खेळणं उचलून परत सरळ झाली होती. या वेळी डावीकडं कलंडली. म्याडमनी धरलं. परत बसवलं, परत कलंडली. पोर हसत होती.

मंग पाठीवर झोपवून दोन्ही गुडघे उभे केले. डावा गुडघा उजव्यापेक्षा खाली. ते मला लेगिननं आधीच सांगितलं होतं. म्याडमनी लांब पट्ट्यांचा कोनमापक लावून पाय बाजूला नेला. उजवा गेला. डावा अर्ध्यातच अडला. त्यांनी नुसतं लिहिलं. डॉक्टर लोकं गप्प राहून लिहायला लागली की मला त्यांच्या हातातला पेन ओढून घ्यावा वाटतो.

शेजारच्या गल्लीत जाऊन एक्स-रे काढला. फोटो दिव्यासमोर धरून म्याडमनी समजावलं. मांडीच्या हाडाला वर एक गोळा असतो, तो खुब्याच्या वाटीत बसलेला असतो. ताठ स्नायू ओढून ओढून तो गोळा बाहेर काढतात. उजवा वाटीत होता. डावा थोडा बाहेर आला होता, काजातून बटण अर्धं निसटावं तसा. मागच्या वर्षीच्या फोटोत तो आत होता, हे मला नुसत्या डोळ्यांनी दिसलं.

"पूर्ण निसटला तर?" मी विचारलं.

"तर बसणं अवघड होईल, ताई."

मी परत फोटोकडं बघितलं. म्याडम म्हणल्या, "घाबरू नका, ऐका. हे अगदी काठावर आहे. सर्जन मला दोन गोष्टी विचारणार. गोळा किती सरकलाय, ते फोटोत दिसतं. आणि दुखतंय किती, ते फोटोत दिसत नाही. दुखत नसेल तर ते म्हणतील, सहा महिने थांबून परत फोटो काढू. दुखत असेल तर थांबायचं नाही, ऑपरेशन लवकर."

"न्हाई दुखत," आत्याबाई म्हणल्या.

"आजी, तिलाच विचारू या."

म्याडमनी भिंतीवरच्या फळीवर कागदावर काढलेले पाच चेहरे लावले. पहिला हसरा, मंग जरा कमी, मधला साधा, चौथा कसनुसा, पाचवा भोकाड पसरलेला. पोरीला समजावून सांगितलं, काहीच दुखत नसेल तर हा, लई दुखत असेल तर तो. मंग पाय हलवून विचारलं, "तुला किती?" पोरीनं लागलीच पहिल्या चेहऱ्याकडं बघितलं. हसऱ्या. आन मंग मान वळवून आजीकडं बघितलं.

आत्याबाईंचा हात सवयीनं पदराच्या गाठीकडं गेला.

म्याडमनी ते बघितलं. मीबी बघितलं. म्याडम पोरीजवळ खाली बसल्या आन आत्याबाईंकडं एकदा नजर टाकून विचारलं, "बरं, मला दुसरं सांग. तुझ्या आजीचे गुडघे किती दुखतात?"

आत्याबाई हसल्या. "माझे? माझे कुठं दुखत्यात?" त्यांचे गुडघे दुखतात हे आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. त्या कधी बोलल्याच न्हाईत. देवळाच्या पायऱ्या चढतात, मालिशला मांडी घालून तासभर बसतात.

पोरीनं जराबी वेळ घेतला न्हाई. सरळ पाचवा चेहरा. म्याडमनी फळीवरचे चेहरे अदलाबदल करून परत विचारलं. परत तोच, भोकाड पसरलेला.

आत्याबाईंचं हसू तिथंच थांबलं.

"म्हणजे चेहरे तिला बरोबर कळतात," म्याडम म्हणल्या. "आता परत तुझं सांग, बाळा. तुझा पाय?" पोरीनं आजीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आन हसऱ्या चेहऱ्यावर डोळे नेऊन ठेवले. वर स्वतःही हसली.

म्याडमनी उसासा टाकला. "ताई, हे उत्तर मी सर्जनना कसं सांगू? तिनं दिलं म्हणून सांगावं लागेल, आणि माझा त्यावर विश्वास नाही. दोन-तीन दिवस घरी नीट बघा. खरं काय ते मला फोन करून सांगा. मग मी बोलते त्यांच्याशी."

बाहेर आलो. जीप भरायला वेळ होता, रसवंतीच्या सावलीत उभं राहिलो. माझं डोकं तडकलेलं होतं. मी आत्याबाईंना म्हणलं, आन भर रस्त्यात म्हणलं, "तुम्ही शिकवलं तिला हे! रडायचं न्हाई, रडायचं न्हाई! तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाऊन राह्यली पोर, आन आपण टाळ्या वाजवतो! आता सर्जन म्हणतील थांबू, आन थांबता थांबता बसणं गेलं तर? गूळ चाटवून परत येणार हाय का ते?"

मला वाटलं, त्या उलटून बोलतील. आमची भांडणं गल्लीला पाठ आहेत. पण त्या खाली बघून म्हणल्या, "मी काय दुश्मन हाय का गं तिची?"

"मंग कशाला?"

"आपण किती दिवस पुरणार? मी तर आज हाय, उद्या न्हाई. तू तरी किती? मंग कुणाच्या हाताखाली पडंल ती? हात चालत न्हाई, पाय चालत न्हाई, तोंड बोलत न्हाई. तिच्याजवळ दुसरं हाय काय? रडक्या लेकराला कुणी उचलत न्हाई, बाई. हसऱ्याला कुणीबी चार घास घालतं. म्हणून हसायला शिकवलं."

हा विचार मी रोज करते. फक्त मी तो कधी बोलत न्हाई. आत्याबाईंनी त्यावर त्यांच्या परीनं इलाज शोधला होता, इतकंच. मला त्यांचा राग आला होता तो गेला न्हाई, पण आता त्याच्याशेजारी रडू येऊन बसलं.

थोड्या वेळानं त्या म्हणल्या, "माझे गुडघे तिला कसे कळले गं?"

"तुम्ही तोंडानं हसता. ती तुमचं तोंड बघत न्हाई. उठताना तुम्ही जमिनीवर हात कसा दाबता, ते बघती. दिवसभर खालीच असती ना ती."

त्यांनी स्वतःच्या गुडघ्यावरून हात फिरवला.

जीप भरली. या वेळी पोरीला मांडीवर आत्याबाईंनी घेतलं. मी दिलं. जालना सुटलं, रस्ता खराब झाला. पहिला खड्डा. जीप आदळली, पोर हसली. मागून कुणीतरी म्हणलंच, "किती गोड हसती!"

आत्याबाईंनी मागं वळून बघितलं न्हाई. त्या खाली बघत होत्या. पोरीच्या मुठीत त्यांचं बोट होतं. दुसरा खड्डा आला, मूठ आवळली. तिसरा आला. त्यांनी ते बोट डोळ्यांजवळ नेऊन बघितलं, मंग पोरीचा ओठावरचा घाम पदरानं टिपला.

"माय," त्या म्हणल्या. "दुखतंय का गं?"

पोर हसली.

"माझ्याकडं बघ. मला दुखतंय ते तू सांगितलंस ना? खरं सांगितलंस. लई दुखत्यात माझे गुडघे. रातीला झोप न्हाई लागत. आता तुझं सांग. हसू नको, माय. रड."

पोरीच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, पण ते थरथरायला लागलं. तिला कळत नव्हतं, की ही थट्टा आहे का परीक्षा. सात वर्षं जी आजी 'रडू नको' म्हणत होती, ती आज रड म्हणते. मी मान पुढं करून म्हणलं, "खरंच, बाळा. कुणी काही म्हणणार न्हाई. रड."

डोळे हळूहळू वर गेले. हो. दुखतंय.

आन मंग ती रडली. आधी आवाजच आला न्हाई, नुसतं तोंड उघडं. मंग छातीतून असा टाहो फुटला की पोरीच्या बाबांनी करकचून ब्रेक दाबला. मागची माणसं दचकली. जीप रस्त्याच्या कडेला उभी, शेजारी कुणाचं तरी कपाशीचं रान, आन माझी पोर आजीच्या पदरात तोंड खुपसून गळा काढून रडत होती. एक बाई मागून म्हणली, "अगं बाई, बिस्कीट द्या, बिस्कीट. गप करा लेकराला."

आत्याबाई फणकारल्या, "कुणी गप करायचं न्हाई तिला!" त्यांच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. "बाळंतपणाच्या खोलीबाहेर हाच आवाज ऐकायला उभी व्हते मी. दाराला कान लावून. तवा आला न्हाई. आता आलाय. आता रडू द्या."

मी पिशवीतून फोन काढला आन म्याडमना लावला. त्यांनी उचलला. "म्याडम, ऐका," एवढंच म्हणलं, आन फोन पोरीजवळ धरला. बराच वेळ त्या ऐकत राहिल्या. मंग म्हणल्या, "कळलं, ताई. थांबायचं नाही. मी आजच सर्जनशी बोलते."

पोरीच्या बाबांनी गाडी चालू केली. खड्डा दिसला की ते गाडी जवळजवळ थांबवायचे आन एकेक चाक हळूच खाली उतरवायचे. तरी धक्का बसला आन पोर कण्हली की म्हणायचे, "चुकलं गं, चुकलं." मागच्यांना जाफराबादला पोचायला लई उशीर झाला. एकानंबी जल्दी करा म्हणलं न्हाई.

टेंभुर्णी मागं पडली तेव्हा ती रडून रडून दमली होती. हुंदके येत होते, नाक वाहत होतं. आत्याबाईंनी पदराची गाठ सोडली. गुळाचा खडा काढला, त्याकडं क्षणभर बघितलं, आन तिच्या जिभेला लावला.

"माझी शहाणी," त्या म्हणल्या. "रडली माझी शहाणी."